अभ्यासिकेतला आवाज

५ सप्टेंबर

आज पालकांची बैठक झाली आणि ती माझ्या हातात राहिली नाही. चहाचे कप फिरायच्या आतच कंधारकडचे किशनराव उठले. आमच्या रुद्राणीचे वडील. टोपी हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, समोरच्या होस्टेलवाल्यानं मोबाईलमधी पोरी दाखवाया सुरू केल्यात. आमाला बी दाखवा. आमी काय पोरी टाकून दिल्या न्हाईत."

सगळे हसले, पण हसता हसता माना हलल्या. मनस्विनीची आई नांदेडला बँकेत असते. ती म्हणाली, सगळीकडेच देतात आता लिंक, त्यात काय एवढं. मी म्हटलं, झोपायच्या खोल्यांत कॅमेरा बसणार नाही. त्याला कुणी हरकत घेतली नाही. फाटक, व्हरांडा, जेवायची जागा आणि अभ्यासिका, एवढं ठरलं.

अठरा मुली आहेत यंदा. नऊ वर्षांपूर्वी चार होत्या. लातूर इतकं बदललं की आमच्या गल्लीत आता दुकानापेक्षा होस्टेलच्या पाट्या जास्त. श्रीपाद चाकूरच्या शाळेवरून घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "कॅमेऱ्यापेक्षा वर एक मजला घे आता. अभ्यासिकेवर पत्रे किती दिवस ठेवणार?" मी म्हटलं, पत्रे बरे आहेत. हे आमचं दरवर्षीचं बोलणं, दोघांनाही पाठ आहे.

८ सप्टेंबर

व्यंकटी नांदेडहून आले. श्रीपादचे शाळेतले सोबती, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॅमेरे. शिडीवर चढलेले असतानाही गप्पा चालू. "वैनी, पयले लोकं रेडिओ ऐकून खुश व्हायचे. आता बघितल्याबिगर कुनाला चैनच न्हाई."

मग लॅपटॉपवर मला सगळं दाखवलं. प्रत्येक कॅमेऱ्याला एक क्रमांकाचा पत्ता असतो, तो टाकला की त्याचं पान उघडतं. त्या पानावर चित्राचे दोन प्रवाह असतात. एक मेन स्ट्रीम, ठळक आणि जड. तो आपल्या घरातल्या लॅपटॉपवर दिसतो आणि रेकॉर्डिंगच्या पेटीत साठतो. दुसरा सब स्ट्रीम, बारीक आणि हलका. तो बाहेर मोबाईलवर जातो. व्यंकटींनी मेन स्ट्रीमचं पान उघडून एकेक ओळ समजावली. चित्र किती मोठं, सेकंदाला किती चित्रं, किती भार. पहिल्या ओळीत होतं, नुसतं चित्र की चित्र आणि आवाज.

"ह्यात माईक बी हाय वैनी. आवाज ठेवायचा का?"

मी म्हटलं, "नको. आवाज अजिबात नको. दिसलं की पुरे."

"बंद करा मग तुमच्याच हातानं."

मी 'नुसतं चित्र' निवडलं आणि जतन केलं. मनस्विनीला कॅमेऱ्याखाली उभं करून पाढे म्हणायला लावले. लॅपटॉपवर तिचे ओठ हलत होते, आवाज काही नाही. बरं वाटलं. व्यंकटींची बस होती, ते जेवून निघाले. मोबाईलवरचं ॲप मी नंतर सावकाश सुरू केलं. माझा मोबाईल नेहमी मुका करून ठेवलेला असतो, मुलींच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून.

खरं तर पालकांसाठी बसवले हे कॅमेरे, पण आज मीच चार-पाच वेळा उघडून बघितलं. सगळ्या होत्या.

११ सप्टेंबर

रविवार. सकाळी दहाला सगळ्या पालकांनी एकदम लिंक उघडली आणि आमचं इंटरनेट बसलं. नेमकं रुद्राणीनं पेन उचलायला मान खाली घातली आणि चित्र तिथंच थिजलं. किशनरावांना वीस मिनिटं मुलगी टेबलावर डोकं टाकून झोपलेली दिसत होती.

"मॅडम, उठवा की तिला! माझा जीव खालीवर होऊन राहिलाय. आजारी बिजारी हाय का?"

मी बघते तर रुद्राणी ताठ बसून गणितं सोडवतेय. बापाला ते पटेना. शेवटी तिलाच फोन दिला तेव्हा खात्री पटली.

व्यंकटींना फोन केला. म्हणाले, सब स्ट्रीम फार जड राहिलाय, तो हलका करा, मी फोनवर सांगतो. त्यांनी सांगितलं तसं मी चित्र लहान केलं, सेकंदाला पंचवीसऐवजी आठ चित्रं ठेवली, भार चौथाईवर आणला. दोन पालकांच्या जुन्या मोबाईलवर चित्र उघडतच नव्हतं, त्यासाठी आणखी एक ओळ बदलली. बाकीच्या ओळी होत्या तशाच ठेवल्या. जे आपल्याला कळत नाही त्याला हात लावू नये.

आता चित्र जरा खरखरीत दिसतं, पण थांबत नाही. मुलींना लगेच कळलं. कोण जांभई देतंय ते दिसत नाही म्हणून त्यांची चंगळ. मी कळून न कळल्यासारखं केलं.

१६ सप्टेंबर

पालक खूश आहेत. फोन कमी झाले, आणि जे येतात ते मायेनं येतात. मनस्विनीच्या आईनं आज विचारलं, "खोकला कमी आहे का हो तिचा?" एका आईनं हसत सांगितलं, परवाचं वरण खारट झालं होतं वाटतं! मला शरमल्यासारखं झालं. वरण खरंच खारट झालं होतं. सरजाबाईंनी दोनदा मीठ घातलं. पण ही गोष्ट बाहेर गेली कशी? मुलींचे मोबाईल माझ्या कपाटात असतात, रविवारीच मिळतात.

कुणीतरी चोरून दुसरा मोबाईल ठेवलाय असं वाटतं. असं वाटणं मला आवडत नाही.

२० सप्टेंबर

आज मनस्विनीला बोलले. फार बोलले. काल तिच्या आईनं फोनवर विचारलं, "रसायनाच्या सरांची नक्कल कोण करतं तुमच्याकडे? आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो." नक्कल मनस्विनीच करते, अभ्यासिकेत, जेवणाआधी. म्हणजे फोन हिच्याकडेच. तिची पेटी, गादी, दप्तर सगळं बघितलं. काही सापडलं नाही.

"काकू, आईशपथ माझ्याकडं काहीच नाही."

"मग तुझ्या आईला स्वप्न पडतं का?"

ती रडली नाही. नुसती बघत राहिली. मला नंतर जेवण गेलं नाही. अठरा मुलींत कुणावर तरी डोळा ठेवावा लागतो, असं मी स्वतःला सांगतेय.

२५ सप्टेंबर

सर्वपित्री अमावस्या. मुली दुपारी झोपल्या होत्या. अभ्यासिकेत रुद्राणी एकटी, पुस्तक मिटलेलं. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "आज घरी आईचं पान वाढलं असेल."

तिची आई सहा वर्षांपूर्वी गेली. कंधारहून नांदेडला नेताना, वाटेतच. मला एवढंच माहीत होतं. आज तिनं बाकीचं सांगितलं. जीपमध्ये आईचं डोकं हिच्या मांडीवर होतं. वडिलांनी तेव्हाच ठरवलं, पोरीला डॉक्टर करायचं. गेल्या वर्षी परीक्षेत जमलं नाही. यंदा शेवटचं वर्ष. नाही झालं तर कंधारच्या बाजूचं एक स्थळ थांबून आहे.

"काकू, मला दवाखान्याचा वास आला की आईचं तोंड दिसतं. सराव परीक्षेत मी येणारी उत्तरं मुद्दाम चुकवते. नंबर लागला तर काय करू, म्हणून."

"मग काय करायचंय तुला?"

"शेतीचं शिकायचंय. कृषी कॉलेजला. बाबांना कसं सांगू? ते म्हणतात, आमच्या हाताला माती लागली, तुझ्या लागू नये. काकू, त्यांना सांगू नका. दिवाळीला घरी गेले की मी सांगते. मला तेवढा वेळ द्या."

मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "ही गोष्ट या खोलीतून बाहेर जाणार नाही."

ती इतकी मोकळी रडली की माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच एवढी बोलली. वाटलं, नऊ वर्षांत एखादी तरी गोष्ट मी नीट केली.

३० सप्टेंबर

गावाकडे आज सगळे स्मारकापाशी जमतात. श्रीपाद म्हणाले, रजा घेतो, या वेळी जाऊन येऊ. मी म्हटलं, मुलींची चाचणी आहे.

भूकंपाला एकोणतीस वर्षं झाली. मी तेव्हा पंधरा, धाकटी बहीण वर्षा दहा. सूर्य वर येईपर्यंत तिचा आवाज येत होता. ताई, ताई. कुठून येतो ते कळत नव्हतं. सगळीकडे दगडच.

चहा केला. मोबाईल काढून अभ्यासिका बघितली. मोजल्या. अठरा.

४ ऑक्टोबर

किशनरावांचा फोन नाही. नऊ दिवस झाले. नाहीतर एक दिवसाआड असायचा. रुद्राणी विचारते, बाबांचा आला होता का? मी म्हणते, सोयाबीनची काढणी असेल. तिच्या गेल्या चाचणीचे गुण पाठवले होते, वाईट आहेत. ते बघून स्थळाला होकार कळवला की काय, अशी शंका येते. ती शंका मी तिला बोलून दाखवत नाही. दिवाळीला अजून वीस दिवस आहेत.

८ ऑक्टोबर

किशनराव आले. न कळवता, दुपारी, मुली क्लासला गेल्यावर. हातात सीताफळांची पिशवी. व्हरांड्यात बसले, पाणी प्यायले.

"पावण्यांचा फोन येऊन राहिलाय," म्हणाले. "पोरगी तुमाला काई बोलली का मॅडम?"

मी म्हटलं, "नाही हो. अभ्यास चाललाय तिचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. "तुमी म्हणला व्हता, ही गोष्ट या खोलीतून बाहेर जाणार न्हाई. तुमच्याकडनं न्हाई गेली. बरं वाटलं."

हे माझेच शब्द. मी विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांनी खिशातून मोबाईल काढला, अभ्यासिका उघडली. आत सरजाबाई झाडू मारत होत्या. झाडूचा आवाज आला. सरजाबाई स्वतःशीच कुणालातरी शिव्या देत होत्या, त्याही आल्या.

"ह्यात येतंय की. पयल्या दिवसापासून येतंय. आमाला वाटलं, तुमीच ठिवलंय सोय म्हणून."

सोय. अठरा घरांत. महिनाभर.

"घरी तिची माय गेल्यापासून पोरगी माझ्यासंगं बोलत न्हाई. हाव, न्हाई, जेवले, एवढंच. इथं हसती, भांडती, ते ऐकू यायचं. मी शेतात मोबाईल बांधाला ठिवायचो आन काम करायचो. त्या दिशी पान वाढून ठिवलं, म्हणलं पोरीला बघावं. तर ती ते बोलून राहिली."

मी त्यांचा पेला परत भरला.

"मला वाटलं, मायसाठी डाक्टर व्हईल. तिला उलटंच वाटून राहिलं, मला काय ठाव? मी इचारलंच न्हाई कधी." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मॅडम, मी ऐकलं हे तिला सांगू नका. तिनं माझ्या तोंडावर सांगावं. दिवाळीपर्यंत वाट बघतो. न्हाईच बोलली तर मी काय समजू? बाप तिला आपला वाटंना, असंच समजीन. मग पावण्यांना हाव म्हणून टाकीन. सासरी परक्यापाशी तरी बोलंल."

"असं करू नका," मी म्हटलं.

"मग काय करू? तुमीच सांगा."

 मुलीची वाट न बघता ते चारच्या बसनं गेले.

व्यंकटींना फोन लावला. ते आधी मानायलाच तयार नव्हते. मग म्हणाले, "वैनी, मेनचा आवाज वेगळा बंद करावा लागतो आन सबचा वेगळा. तुमी एकच बंद केला, आन मी दुसरा बघितलाच न्हाई. बसच्या घाईत राहिलं. चूक माझी हाय."

नाही. मी सब स्ट्रीमचं पान उघडून चार ओळी बदलल्या होत्या. पहिली ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती, चित्र आणि आवाज. मी ती वाचलीच नाही. आज ती बदलली. जतन केलं. मग मोबाईल कानाशी धरून, आवाज पूर्ण वाढवून खात्री केली. काही नाही.

९ ऑक्टोबर

श्रीपाद म्हणतात, "बंद केलंस ना? मग विषय संपला. मुलींना कशाला सांगतेस? अठरा घरांत गोंधळ होईल. उद्या सहा मुली निघून गेल्या तर?"

आणि किशनरावांनीही सांगू नका म्हटलंय. दोघंही माझ्या भल्याचं किंवा तिच्या भल्याचंच बोलतात. मीही सकाळपासून तेच स्वतःला पटवतेय. रुद्राणी दिवाळीला आपणहून सांगेल, बाप ऐकेल, सगळं नीट होईल. पण नाही सांगितलं तर? आज तिनं मला विचारलं, "काकू, दिवाळीऐवजी परीक्षा झाल्यावर सांगू का? आत्ता भीती वाटते." मी तिच्या तोंडाकडे बघू शकले नाही. तिला वाटतंय वेळ आहे. बाप दिवस मोजतोय. दोघांचं मला माहीत आहे आणि मी मधे गप्प उभी.

आणि मनस्विनी.

मी मुलींना सांभाळते असं मला वाटत होतं. मी त्यांना बघत होते, एवढंच.

१० ऑक्टोबर

सांगितलं. जेवणाआधी सगळ्यांना अभ्यासिकेत बसवलं आणि उभं राहून सांगितलं. आठ सप्टेंबरपासून आठ ऑक्टोबरपर्यंत इथं जे बोलला ते तुमच्या घरी ऐकू जात होतं. चूक माझी. मी सेटिंग नीट बघितली नाही.

आधी कुणालाच कळलं नाही. मग एकजण म्हणाली, "म्हणजे मी आजीला म्हातारी म्हटलं ते?" दुसरी किंचाळली, "आणि मी मामाच्या लग्नाचं बोलले ते? मेले!" काही हसल्या, काही रडायला लागल्या, दोघीतिघी कॅमेऱ्याकडे पाठ करून बसल्या.

मनस्विनी म्हणाली, "काकू, म्हणजे खारट वरणाचं मी नव्हतं सांगितलं."

"नव्हतं, बाळा. माझं चुकलं. तुझी पेटी मी बघायला नको होती."

"गादीसुद्धा," ती म्हणाली. आणि मग हळूच, "आईबाबा हसले का पण, नकलेला?"

रुद्राणी सगळ्यांत आधी उठून खोलीत गेली. मी मागे गेले. तिनं दार लावलं नाही, पण भिंतीकडे तोंड केलं. मी सगळं सांगितलं. वडील आले होते, त्यांनी ऐकलंय, ते रागावलेले नाहीत, तिच्या तोंडून ऐकायची वाट बघतायत, आणि ती नाही बोलली तर पाहुण्यांना काय कळवणार आहेत. त्यांनी नको म्हटलेलंही सांगितलं.

"तुम्ही म्हणाला होता बाहेर जाणार नाही."

"हो."

"जा काकू."

११ ऑक्टोबर

दोन पालकांनी मुली न्यायचं कळवलंय. एकानं बऱ्याच गोष्टी सुनावल्या, ऐकून घेतल्या. मनस्विनीची आई म्हणाली, आवाज बंद कशाला केला, किती छान वाटायचं. मी म्हटलं, मुलींना विचारा.

रुद्राणी क्लासला गेली, आली, जेवली. बोलली नाही. घरात सगळ्याच कुजबुजतात. माईक बंद आहे हे त्यांना खरं वाटत नाही.

१२ ऑक्टोबर

संध्याकाळी मी मागच्या पायरीवर कोथिंबीर निवडत होते. रुद्राणी समोर येऊन उभी राहिली.

"काकू, फोन द्या."

बुधवार. नियमात बसत नाही. मी माझाच मोबाईल दिला. ती अभ्यासिकेकडे निघाली. आत बाकीच्या नव्हत्या. मी मागोमाग उठले, म्हटलं थांब, कॅमेऱ्याची वायर काढते.

"राहू द्या. बाबांकडं एकच मोबाईल आहे. बोलताना त्यांना दिसणार नाही." मग दारात थांबून, "तुम्ही तेवढं बाहेर थांबा. लांब."

मी परत पायरीवर जाऊन बसले. तिथून अभ्यासिकेचं दार दिसतं, ऐकू काही येत नाही. मी दाराकडेही पाठ केली. मान वळवावीशी वाटत होती. कोथिंबीर संपली, तरी हात तसेच. आत ती रडत असेल की बाप ओरडत असेल, की दोघंही गप्प असतील. काही कळत नव्हतं आणि ते सहन करायचं होतं.

अर्ध्या तासानं आली. मोबाईल गरम झाला होता. डोळे सुजलेले. 

"मी सगळं पहिल्यापासून सांगितलं," ती म्हणाली. "जीपमधलं पण. त्यांनी मधे एकदाही माहीत आहे असं म्हटलं नाही. नुसतं हं, हं करत होते."

"मग?"

"मग म्हणाले, शेती शिकाया कॉलेजात कशाला जावं लागतं, मी काय मेलो का?" तिचं तोंड हसण्यासारखं झालं आणि लगेच मोडलं. "मग बराच वेळ बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कटला. नंतर म्हणाले, फॉर्म कवा निघतो ते इचारून ठेव. पाहुण्यांना उद्या नाही म्हणून कळवतायत."

मी मोबाईल पदरानं पुसत राहिले. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण ठेवला नाही.

"काकू, त्या खोलीत मी तुमच्याशी परत कधी बोलणार नाही."

"बरं."

ती जायला वळली. दोन पावलं गेली, थांबली. मग परत येऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, माझ्यापासून हातभर लांब, आणि टोपलीतल्या मेथीची जुडी सोडून एकेक पान खुडायला लागली.